जुने मीठ, नवे दुकान

अकरा वर्षे ज्यांचे मीठ खाल्ले, त्यांच्याच दारासमोर दुकान मांडण्याचा बेत आम्ही केला. आमच्या धन्यांचा धंदा हिशेबाच्या संगणकप्रणालीचा. आमचाही तोच व्हावयाचा. नोकरी सुटल्यावर दोन वर्षे हा धंदा न करण्याच्या अटीखाली आमची सही होती. स्नेही वकील ती वाचून हसले. १८७२ च्या करार-कायद्याचे २७ वे कलम अशी अट निरर्थक ठरविते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा पाच वर्षांचा करार मोडून एक पर्यवेक्षक कोट्याच्या कारखान्यात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मनाईहुकूम कायम केला खरा. पण तो कराराच्या मुदतीपुरताच. मात्र चाकरीत लिहिलेली प्रणाली, निराळा करार नसल्यास, १९५७ च्या कायद्याने धन्याची, आणि विश्वासाने कळलेली गुपितेही त्याचीच.

प्रणाली आम्ही पहिल्या ओळीपासून नवी लिहिली. पण कोणते गिऱ्हाईक कोणत्या तक्त्याला कंटाळले आहे, हे आम्हांस मुखोद्गत होते. ते शिकलो कोणाच्या पगारावर? शिवाय कपाटात एक वही निघाली : गिऱ्हाइकांची नावे व त्यांना दिलेले दर. तीन दिवस ती मेजावर पडून होती. ‘ही कसली पोथी?’ असे घरातून विचारणे झाले, तेव्हा आम्ही विषय बदलला. चौथ्या दिवशी वही जुन्या कचेरीत देऊन आलो. पोच मिळाली, कोणी बसा म्हटले नाही.

पहिल्या पानावरची दोन नावे मात्र अजून स्मरतात. परवा त्यांतल्या एकाचा आपण होऊन फोन आला. त्यास अद्याप उत्तर दिलेले नाही.