पद्मिनी झाली इलेक्ट्रॉनिक!

खरं सांगा, आपल्या गाडीचं बॉनेट तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं? वायपरचं पाणी भरायला ना? तेही पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने आठवण करून दिली म्हणून! आपण बटण दाबतो, गाडी सुरू होते, एसी लागतो, ब्लूटूथ आपोआप जोडला जातो. आत नेमकं काय चाललंय याच्याशी आपलं देणंघेणं नाही. नसलंच पाहिजे, त्यासाठीच तर आपण ईएमआय भरतो.

माझ्या बाबांचं तसं नाही. ते राहतात भंडारा जिल्ह्यात, साकोलीजवळच्या सानगडीला. जुन्या किल्ल्याचं, तलावाचं आणि धानाच्या बांध्यांचं गाव. घराशेजारी टिनाच्या शेडखाली त्यांची १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी उभी असते. गेल्या दिवाळीत तिचे पॉइंट काढून आम्ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. काम तासाभराचं. पण त्यावरून बाबा आणि मी अडीच महिने वाद घालत होतो! त्या वादात गाडी निम्मीच होती. उरलेला वाद कशाचा होता ते सांगायलाच हे लिहितोय.

आधी गाडीबद्दल. पद्मिनी म्हणजे अस्सल मुंबईकर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट हीच सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि डॅशबोर्डवर ओढायचा चोक. २००१ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, आठवतंय? बाबांनी ती बातमी वाचून एकच वाक्य म्हटलं, ‘आता पार्ट मिळनं मुश्कील.’ मुद्दा बरोबर होता. हजारो टॅक्सींना दर थोड्या दिवसांनी पॉइंट, कंडेन्सर, रोटर लागायचे, म्हणून ते कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळायचे. टॅक्सी गेल्या की त्यांच्यामागे दुकानंही जाणार.

आता हे पॉइंट म्हणजे काय? गॅरेजच्या भाषेत ‘सीबी पॉइंट’. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात आणि बॅटरी असते बारा व्होल्टची. मधे असते कॉइल. कॉइलमधून करंट वाहत असताना तो अचानक तोडला, की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि प्लगवर ठिणगी उडते. हा करंट तोडणारा इवलासा स्विच म्हणजे पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या आत चार कोपऱ्यांचा कॅम फिरतो आणि प्रत्येक कोपरा पॉइंटला ढकलून उघडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी ही पद्धत बसवली आणि पुढची साठएक वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या तिच्यावरच पळाल्या.

गंमत बघा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो! प्रत्येक वेळी थोडासा जळतो. कॅमवर घासणारी त्याची टाच झिजते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगीही उशिरा पडते. मग गाडी सकाळी कुरकुरते, चढावर दम टाकते. म्हणून ठराविक दिवसांनी तो घासायचा आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असलेली फट फिलर गेजची पाती घालून पुन्हा जमवायची.

हे काम बाबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करायचे. चाळीस वर्षं! फेंडरवर जुनं धोतर अंथरायचं, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या दोन क्लिपा सोडायच्या, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवायचा. लहानपणी टॉर्च धरायचं काम माझं. ‘हलवू नको बाबू,’ एवढाच संवाद. फट जमली की गेजची पाती ओढताना किंचित अडते, लोण्यातून सुरी ओढावी तशी. त्या अडण्यावरूनच त्यांना कळायचं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. बाबा पंचाहत्तरीला पोचले. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली आणि उजव्या हाताला कंप आला. त्याच सुमारास साकोलीच्या ज्या मिस्त्रींकडे ते अडीअडचणीला जायचे, त्यांनी दुकान मुलाला दिलं. मुलगा हुशार आहे, स्कॅनर लावून कुठल्याही नव्या गाडीचा आजार दोन मिनिटांत सांगतो. पद्मिनीचं बॉनेट उघडून त्याने आदबीने विचारलं, ‘काकाजी, इचं सॉकेट कुठं आहे जी?’ बाबा तो किस्सा अजून हसून सांगतात. मला मात्र तो ऐकून हसू आलं नव्हतं.

मग आली गेल्या ऑगस्टची ती रात्र. रोवणी नुकतीच आटोपली होती आणि पाऊस लागून होता. आईला दमा आहे. रात्री दोनला तिचा श्वास लागला. साकोलीचा दवाखाना अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. बाबांनी किल्ली फिरवली, इंजिन नुसतं फिरत राहिलं. त्यांनी कॅप उघडली, पुसली. पॉइंटवर खड्डा पडला होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या थरथरत्या हातात पॉलिश पेपर, आणि आत आई खाटेवर बसून श्वास ओढतेय. वीस मिनिटं गेली. शेवटी शेजारच्यांनी त्यांची बोलेरो काढली. आई वेळेत पोचली, नेब्युलायझर लागला, सकाळी बरी झाली. मला हे कळलं दुपारी, हिंजवडीत मीटिंगमधून बाहेर आल्यावर.

आपल्यापैकी कितीतरी जणांना असा फोन कधी ना कधी आलाय. आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं, ‘पुण्याला या ना!’ मीही म्हटलं. बाबा म्हणाले, ‘गाडी कुठं ठेवू?’ तो पार्किंगचा प्रश्न नव्हताच. ज्या दिवशी साकोलीला जायला दुसऱ्याच्या दाराशी उभं राहावं लागेल, त्या दिवशी सानगडीत राहणं संपलं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. नवी छोटी ऑटोमॅटिक घेऊन देतो म्हटलं, तर त्यांनी विषयच बदलला.

मग मी वाचायला लागलो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट दिसायला अगदीच साधं असतं. पॉइंटच्या जागी काडेपेटीएवढा सेन्सर आणि कॅमवर रोटरच्या खाली चुंबकाची रिंग. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या ‘हॉल इफेक्ट’वर यातली बरीच किट चालतात. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. काही घासत नाही, काही जळत नाही, फट वाढत-घटत नाही. यात नवं असं काहीच नाही. खुद्द फियाटने १९६८ मध्ये आपल्या डिनो कारला इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं होतं, क्रायस्लरने १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना दिलं.

मी उत्साहाने बाबांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘पॉइंट खोकते, कण्हते, आठ दिवस आधी सांगते, मंग बंद पडते. तुझा डबा हार्ट अटॅकने जाईल. रस्त्यात गेला तं कोनाले विचारू?’

मान्य करावंच लागेल, मुद्दा बिनतोड होता. पॉइंट बिघडला तर काडेपेटीच्या खरखरीत बाजूनेही घासून घरी पोचता येतं. सेन्सर गेला की गेला. तो घासता येत नाही, ठोकता येत नाही, त्याला फक्त बदलता येतं. आपण ऑफिसात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो, बाबांनी ते धानाच्या बांधीवर बसून सांगितलं.

पण त्यांच्या नकाराचं दुसरं कारण आईने फोनवर सांगितलं. ‘अरे, तो रविवार आहे त्यांचा. तोबी काढून घेशील का?’

त्या एका वाक्याने माझा सगळा अभ्यास बाजूला पडला. मी सोय शोधत होतो आणि बाबांना त्यात निरोप समारंभ दिसत होता. निवृत्तीनंतर शाळा गेली, गुडघ्यांमुळे शेत गेलं, आता गाडीही त्यांच्या हाताविना चालणार. नीट चाललेली गाडी हवी होती ती आम्हा दोघांनाही. पण मला ती त्यांच्यासाठी चालायला हवी होती, आणि त्यांना ती स्वतःकडून चालायला हवी होती.

मग आम्ही सौदा केला. जुनी प्लेट, पॉइंट, कंडेन्सर काहीच फेकायचं नाही. सगळं तेल लावून डबीत, डबी ग्लोव्ह बॉक्समध्ये. डबा मेलाच, तर अर्ध्या तासात पॉइंट परत. आणि किट बाबांनीच बसवायचं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मुहूर्त काढला. डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर वाचून किट आधीच मागवलं होतं. बाबांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, कॅप काढली, रोटर काढला, स्क्रू सोडून पॉइंटची प्लेट उचलली आणि क्षणभर हातावर तोलून माझ्याकडे दिली. बारीक स्क्रू मी लावले, कुठला आधी ते त्यांनी सांगितलं. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर प्लॅस्टिकची पट्टी घालून एकदाच बघायचं असतं, ते मात्र त्यांनी स्वतः बघितलं. लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग जुळवलं. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन लागलं. बाबा मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘सरळ बोलून रायली.’

तुमच्याही घरी काकांची पद्मिनी किंवा आजोबांची अॅम्बेसेडर उभी असेल आणि तुम्हाला हेच करावंसं वाटत असेल, तर चार गोष्टी सांगतो. एक, ‘पिकअप वाढेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इंजिन तेच असतं, फक्त ठिणगी रोज वेळेवर पडते. दोन, कॅप आणि रोटर जुनेच राहतात, त्यामुळे पावसाळ्यात कॅपच्या आतला ओलावा पुसायला लागतोच. तीन, वायरी उलट जोडल्या किंवा इंजिन बंद असताना किल्ली बराच वेळ ऑन ठेवली, तर सेन्सर जळू शकतो. कॉइलचा रेझिस्टन्स किटला चालतो का, प्लगच्या वायरी योग्य आहेत का, हे आधी तपासा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, तेही बघा. चार, काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि तिथं इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. आमच्या पद्मिनीला पन्नाशी गाठायला २०३४ उजाडेल. तोवर डबी जपायची.

बाबांच्या रविवारचं काय झालं म्हणाल, तर तो अजून आहे. पॉइंट नाही, पण बाबा कॅप उघडतात, आतले काँटॅक्ट पुसतात, प्लग काढून त्यांचा रंग बघतात, बॅटरीचं पाणी बघतात. शेजारची आयटीआयला जाणारी पोरगी मदतीला येते. तिला त्यांनी डबीतली जुनी प्लेट टेबलावर ठेवून फट जमवायला शिकवली. पाती अडली की तिलाही कळतं म्हणे आता!

जानेवारीत थंडी कडक होती. एका पहाटे चारला आईला पुन्हा त्रास झाला. बाबांनी चोक ओढला, किल्ली फिरवली आणि दोघं साकोलीला निघाले. मला त्यांचा फोन आला सकाळी आठला. तोवर दोघंही घरी परतून चहा पीत बसले होते.