बिलावर न लिहिलेली किंमत

चि. भाचीस,


कलबुर्गीच्या पीडीए कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला तुझा नंबर लागला, घरात सगळ्यांना आनंद झाला. अक्का म्हणाली, तुला मॅकबुकच पाहिजे. म्हणून हा हिशोब.

मॅक उगाच महाग नाही. 2020 साली एम1 चिपचा मॅकबुक एअर आला तेव्हा त्याची भारतातली किंमत होती 92,900 रुपये. त्याला आजही ॲपलचे अपडेट मिळतात, आणि विकायला काढला तर पैसे बरे येतात. बॅटरी दिवसभर पुरते. गावाकडे करंट गेला की तिचं मोल कळतं. पण रॅम बोर्डावरच पक्की. 8 जीबी घेतलीस तर शेवटपर्यंत 8 जीबीच.

विंडोजचं दुखणं वेगळं. इथं भालकीत माझ्याकडे छापायला येणाऱ्या लग्नपत्रिका कन्नडमधल्या 'नुडी'त, मराठीतल्या 'श्रीलिपी'त. जुन्या फाइली त्या-त्या फाँटांत अडकल्यात. फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांचा नुसता काला. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे चांगली चालणारी यंत्रंही बदला. विंडोज सोडावं म्हटलं तर त्या पत्रिकांच्या फाइली सोडत नाहीत. आत शिरायची किंमत बिलावर असते, बाहेर पडायची नसते.

तुझं अजून काहीच कुठं अडकलेलं नाही. सी, पायथन, जावा हे सगळं लिनक्सवर फुकट चालतं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. मेकॅनिकलला गेली असतीस तर सॉलिडवर्क्ससाठी विंडोजच घे म्हणालो असतो.

तेव्हा सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाऊ. कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड लॅपटॉप तिथं मिळतात. आठव्या पिढीपुढचा, रॅम वाढवता येईल असा बघू. बॅटरी नवी बसवू, उबुंटू लिनक्स टाकू. कधी विंडोज 11 ची गरज पडली तर तेही त्यावर बसेल.

शेवटच्या वर्षी नोकरी लागली आणि तरी मॅकच हवा वाटला, तर खुशाल घे. तुझा कोड उचलून तिकडे नेता येईल. माझ्या पत्रिका नेता येत नाहीत.

तुझा,
मामा