शिरोड्याचे मीठ

मोसमकाठच्या नामपुरात वि. स. खांडेकर शिकवताना समुद्र पुस्तकातच राहतो. शिरोडा पाहिल्यावर मात्र त्याची चव कळते. वेंगुर्ले तालुक्यातले, गोव्याच्या सीमेजवळचे हे गाव. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात येथे शिक्षक होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्याच काळातला. आज बहुतेक पर्यटक वेळागरच्या वाळूवर सूर्यास्त पाहून परततात. मिठागरांकडे क्वचितच कोणी वळते. भरतीचे खारे पाणी वाफ्यांत अडवायचे, उन्हात आटवायचे आणि उरलेले मीठ ओढून त्याचे ढीग घालायचे, एवढाच तो उद्योग. पण त्याच मिठासाठी माणसांनी तुरुंगवास पत्करला. खांडेकरांच्या ध्येयवादाला आपण वर्गात सहज भाबडा म्हणून जातो. तो शब्द उच्चारण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एकदा ही मिठागरे पाहावीत.