लाल ढालीचे घर

फ्रँकफुर्टच्या कोन्स्टाब्लरवाखे चौकातून दक्षिणेला वळले की थोड्याच अंतरावर जुन्या तटबंदीचा काळपट तुकडा लागतो. १४६२ साली शहरातल्या ज्यूंना या तटाबाहेर हलवले गेले आणि ‘यूडेनगासे’, म्हणजे ज्यूंची गल्ली, वसली. लांबी सुमारे ३३० मीटर, रुंदी जेमतेम तीन-चार मीटर, आणि तीन वेशी. रात्री आणि रविवारी त्या बंद होत. अठराव्या शतकात एवढ्याशा जागेत सुमारे तीन हजार माणसे राहत होती.

घरांना क्रमांक नव्हते. दारावर जहाज, गरुड, ढाल अशी चिन्हे असत आणि घर त्यावरूनच ओळखले जाई. चिन्ह पुढे माणसाला चिकटले: जहाजवाले शिफ, गरुडवाले आडलर. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना गावांवरून पेणकर, रोहेकर ही आडनावे मिळाली. इथे गल्लीबाहेर राहायचीच मुभा नव्हती, म्हणून घरच गाव झाले.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इसाक एल्खानान याने बांधलेल्या घरावर लाल ढाल होती. ‘रोट’ म्हणजे लाल, ‘शिल्ट’ म्हणजे ढाल. दारावरच्या पाटीलाही जर्मनमध्ये हाच शब्द. इंग्रजीमार्गे आपल्याकडे ‘रॉथ्सचाइल्ड’ झालेले आडनाव मूळचे हे ‘रोटशिल्ट’. विशेष असे की, सतराव्या शतकात वंशजांनी ते घर सोडले, नाव मात्र सोडले नाही. याच आडनावाच्या सराफी पेढीचा संस्थापक मायर आमशेल १७४४ मध्ये जन्मला तो ‘हिंटरफान’ नावाच्या घरात. पैसा आल्यावर त्याने घेतलेल्या घरावर ढाल होती, पण हिरवी. त्याचे पाच मुलगे फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिसला पेढ्या चालवू लागले, तरी मायरची पत्नी गुटले १८४९ साली मरेपर्यंत त्याच हिरव्या ढालीच्या घरात राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गल्ली पाडली गेली. हिरव्या ढालीचे घर तेवढे जपले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत तेही गेले. १९८७ मध्ये तिथल्या ब्योर्नेप्लाट्झ चौकात महापालिकेच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा गल्लीतल्या घरांचे पाये उघडे पडले. ते राखावेत म्हणून लोक तिथे ठाण मांडून बसले. अखेर पाच घरांचे पाये वाचले आणि १९९२ पासून त्याच इमारतीत संग्रहालय आहे. लाल ढालीचे घर त्या पाचांत नाही.

शेजारच्या जुन्या दफनभूमीत मायर आमशेलची समाधी आहे. नाझी काळात इथल्या बहुतेक शिळा फोडल्या गेल्या, ही वाचली. दफनभूमीच्या बाहेरच्या भिंतीवर, नाझींनी मारलेल्या फ्रँकफुर्टच्या ज्यूंच्या नावांचे सुमारे १२ हजार छोटे धातूचे ठोकळे बसवले आहेत. पेढीशी काही संबंध नसलेले कितीतरी रोटशिल्ट जर्मनीत होते. भिंतीवर हे आडनाव पुन्हा पुन्हा दिसते.