कुंभारीण

पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या एका कारखान्यात शिरले आणि ओल्या शाडूचा वास आला. एकीकडे साच्यात शाडू दाबणं चाललं होतं, पलीकडे डोळ्यांची आखणी. माझं लक्ष गेलं खिडकीच्या चौकटीवर. तिथे कुंभारीण माशीचं घर होतं, त्याच करड्या शाडूचं. मालक म्हणाले, "राहू द्या ताई, तीही आमच्यातलीच."

वसईला आजीच्या खोलीत क्रुसामागे असंच एक घर होतं. लहानपणी मी ते फोडलं. आत हिरव्या अळ्या होत्या. जिवंत, पण नांगीच्या विषाने लुळ्या. माशीचं पिल्लू त्यांना खात होतं.

त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात मातीपासून माणूस घडवल्याचा धडा होता. देवाने सगळं चांगलं केलं, तर मग अळीचं काय, असं मी विचारलं. बाईंनी मला उभं करून ठेवलं. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आजी मात्र पेज ढवळत म्हणाली, "त्यालाच विचार गं. रागावून विचारलंस तरी चालेल."

आदाम आणि माकड यांचं भांडण मला कधी छळलं नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव भूमीला आणि पाण्याला जीव उपजवायला सांगतो. सृष्टी घडवण्याचे ते सहा दिवस आपल्या दिवसांसारखे नव्हेत, हे संत ऑगस्टीन पाचव्या शतकातच लिहून गेले. माणसाचं शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का, या अभ्यासाला पोप बारावे पायस यांनी 1950 मध्ये वाट मोकळी ठेवली. 1996 मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. आपल्याकडे खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद करणारे फादर सांतापाव येशूसंघाचे धर्मगुरू होते, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकही.

अळी मात्र सुटत नाही. डार्विनलाही सुटली नव्हती. मे 1860 मध्ये त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं की जिवंत अळ्यांना आतून खाणाऱ्या माश्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या, हे आपल्याला पटत नाही. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि नैसर्गिक निवडीचे खंदे समर्थकही. सजीवांतल्या बदलांना देवच हितकर दिशा देत असावा, असं त्यांनी सुचवलं. मला ते मान्य नाही. मग ती नांगीही त्यानेच पाजळली म्हणायची. आणि हित कुणाचं? लाखो वर्षं जे जीव चिरडून संपले, त्यांचा हिशोब या दिशेत कुठेच बसत नाही.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे. डार्विन वाचल्यावर हा अध्याय मला पहिल्यांदा खरा वाटला. साच्याबाहेर उभा राहून माती दाबणारा देव मला परकाच राहिला. माझा देव क्रुसावरचा आहे, हातपाय हलवता न येणारा, तरीही जिवंत. तो अळीच्या बाजूचा आहे, असं मी मानते. पण तिला वाचवत का नाही, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारायची थांबणार नाही.