सव्वासतरा फर्मे

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे. मुद्रितशोधक. अप्पा बळवंत चौकातून पिशवीत प्रुफांची बाडं घेऊन घाईघाईने जाणारी बाई दिसली, तर ती मीही असू शकेन. त्यामुळे स्वतःची कादंबरी स्वतःच छापायची ठरली तेव्हा वाटलं, यात आपल्याला न येणारं आहेच काय?

कादंबरी एका जुळाऱ्याची. शिशाचे खिळे जुळवण्यात हयात घालवून ऑफसेट आल्यावर घरी बसलेल्या माणसाची. दोन प्रकाशकांनी ती गोड शब्दांत परत केली, तिसऱ्याने वर्षभर उत्तरच दिलं नाही.

मांडणी झाली तेव्हा पानं भरली २७६. डेमी आकारात आमचा फर्मा १६ पानांचा. म्हणजे सव्वासतरा फर्मे. छापखान्याचे मालक म्हणाले, ‘‘ताई, ही चार पानं तेवढी बघा. त्यांच्यासाठी वेगळी प्लेट, वेगळी छपाई, वर बाइंडरची कटकट.’’ कादंबरीत गावच्या जत्रेचं चार पानांचं प्रकरण होतं. खर्डा वाचून एका मैत्रिणीने ते काढ म्हणून सांगितलं होतं आणि मी तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. त्या रात्री पेन घेऊन बसले. पहाटेपर्यंत जत्रा उठली. २७२ पानं, बरोबर सतरा फर्मे. त्या जागी काहीच कमी वाटत नाही, हे मैत्रिणीकडे कबूल करायला मात्र मला सहा महिने लागले.

प्रकाशक म्हणजे पैसे घालणारा, अशी आम्हा लिहिणाऱ्यांची समजूत असते. पैसे मी घातलेच की! नव्हता तो नकार देणारा माणूस. स्वप्रकाशनाचा विषय निघाला की लोक कोलटकरांचं नाव घेतात. १९७६ साली ‘जेजुरी’ क्लिअरिंग हाउसने काढलं आणि ती संस्था कवींनीच उभारलेली होती, हे खरं. पण अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल असे ते चौघं होते. माझ्याकडे होता फर्मा. तो १६ पानांच्या हिशेबात फार कडक, बाकी सगळं चालवून घेतो.

खरी फजिती माझ्याच हद्दीत झाली. तिसरं प्रूफ स्वच्छ निघालं होतं. पण निवडलेल्या फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे होते. मला पाकळीचा ल आणि देठाचा श हवाच होता, मी हट्टाला पेटले. फॉन्ट बदलला. मजकूर मुळात जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणलेला. त्यात ‘ऱ्या’ जुळवायला र आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह बसलेलं असतं. मांडणी करणाऱ्या मुलाने फाइल ‘साफ’ करताना तेच पुसलं. ‘दुसऱ्या’चं झालं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. नुसता फॉन्टच तर बदललाय, म्हणून मी न वाचता सही केली. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर केली असती का?

बाकी कागदपत्रं सोपी. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आयएसबीएन फुकट देते. अर्जात ‘प्रकाशक’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना जरा कानकोंडं वाटतं, एवढंच. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते.

हिशेब मात्र बोचतो. ५०० प्रतींना मुखपृष्ठासकट ६२,००० रुपये लागले. प्रत पडली १२४ला. किंमत ठेवली ३२०. वितरकाने ५० टक्के मागितले. म्हणजे हातात १६०, सुटले ३६; तेही प्रत खपली तर आणि पैसे आले तर. त्यातून वर्तमानपत्रांना अभिप्रायार्थ दोन-दोन प्रती. आणि नातेवाईक! लग्नात हजाराचा आहेर करणारी आत्या ३२० रुपयांचं पुस्तक विकत घेत नाही. तिला ‘सप्रेम भेट’ लिहून हवं असतं. भेट द्यायच्या प्रतींची यादी छपाईच्या आधी करावी आणि मग कुणी रुसलं तरी तिला हात लावू नये. मी यादीच केली नव्हती. ६८ प्रती अशाच गेल्या.

दिवाणाखाली अजून दोन गठ्ठे आहेत. मध्यंतरी सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेले होते. तिथल्या बाईंनी कौतुकाने कपाटातून माझी प्रत काढून दाखवली. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे सात शिक्के. आत कुणीतरी पेन्सिलने प्रत्येक ‘दुसर्या’ दुरुस्त केला होता, ९४व्या पानापर्यंत. पुढे एकही खूण नाही. गोष्टीत गुंतला की पुस्तकच मिटलं, कळायला मार्ग नाही. दुरुस्त्या सगळ्या ओळीवरच गिरवलेल्या होत्या. त्या समासात करायच्या असतात, हे बाईंना सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं.