तपासण्याचे पैसे

एकही पार्ट न बदलता मेकॅनिकनं पैसे मागितले, तर ते द्यायचे नाहीत, निदान पूर्ण तरी द्यायचे नाहीत, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. मिक्सर असो, इस्त्री असो, रेडिओ असो. नवीन काय घातलं ते दाखवा, काढलेला जुना पार्ट परत द्या, मग बिलाचं बोलू. हा नियम माझ्या वडिलांचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात तो सगळ्यांनाच मान्य होता, आणि पुढे माझी नोकरी हिशेब विभागात झाल्यामुळे माझ्या बाबतीत तो आणखी पक्का झाला. बिलात आधी माल दिसला पाहिजे, मजुरी त्याच्या मागून येते. माल नाही तर मजुरी कसली?

आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे. हा नियम अजून घराघरांत चालतो आणि त्याचं नुकसान शेवटी आपल्यालाच सोसावं लागतं, अशी माझी खात्री झाली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त झालं आईच्या टू-इन-वनचं. ऐंशीच्या दशकातला सेट, दोन बाजूंना स्पीकर, मधे कॅसेटचं दार, वर उचलायची दांडी. आई रेडिओवर वाढलेल्या पिढीतली. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झाली, आणि १ एप्रिल १९५५पासून पुढचं वर्षभर दर आठवड्याला गीतरामायण लागायचं तेव्हा ती शाळेत होती. वाड्यात ज्यांच्याकडे रेडिओ, त्यांच्या खोलीत सगळे जमायचे. आज तिला मोबाइलवर गाणी लावून दिलेली चालत नाहीत. स्वतःच्या हातानं बटण फिरवून स्टेशन पकडायचं, तर तिला ऐकल्यासारखं वाटतं. तो सेट अचानक सुरूच होईना. लाइटवर नाही आणि सेलवरही नाही.

घरी करण्यासारखं जे होतं ते केलं. आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. सगळ्यात आधी रेडिओ-टेपचं बटण पाहायचं. बऱ्याच जुन्या सेटमध्ये ‘टेप’ हीच बंदची जागा असते, कॅसेटचं बटण दाबेपर्यंत काहीच होत नाही, आणि माणसं सेट डेड झाला असं समजून घाबरतात. मग तोच प्लग दुसऱ्या बोर्डात. मग वायर. मागे लागणारी ती दोन भोकांची वायर वाकून वाकून आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते; तशीच दुसरी लावून बघावी. सेट परदेशातून आलेला असेल तर मागचा ११०-२२०चा खटका पाहिल्याशिवाय प्लग लावूच नये. ११०वर ठेवून आपल्या २३० व्होल्टला जोडला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. शेवटी सेलचा कप्पा. सेल गळून पत्त्यांवर पांढरा थर साचला असेल, तर अल्कलाइन सेलच्या बाबतीत तो व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं निघतो. नंतर पुसून कोरडं करायचं. आमच्या सेटच्या पत्त्या स्वच्छ होत्या, सेल नवे होते, वायर चांगली होती. आत हात घालायचा नाही, एवढं कळत होतं. भाचा म्हणाला, मावशी, ब्लूटूथ स्पीकर घे आणि हा भंगारात दे. मी सेट पिशवीत घातला आणि बुधवार पेठेत गेले.

पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीच्या बाजूला, विजेच्या सामानाची दुकानं दाटीवाटीनं आहेत. विकणारे पुष्कळ, दुरुस्त करणारे थोडे. त्यातल्या एकानं सेट घेतला आणि मला स्टुलावर बसू दिलं, म्हणून त्याचं काम मला पाहता आलं.

त्यानं पहिल्यांदा स्क्रू काढले नाहीत, प्रश्न विचारले. एकदम बंद पडला की आधी खरखर होती? बटण हलवलं की मधेच चालू व्हायचा का? लाइट आणि सेल, दोन्हीवर बंद? मग म्हणाला, “दोन्हीवर बंद, म्हणजे एकतर दोन वेगळे बिघाड, नाहीतर दोन्ही लाइनी जिथं एक होतात त्याच्या पुढं काहीतरी.” वस्तू उघडण्याआधीच त्यानं निम्मं शोधकाम संपवलं होतं.

पुढचं सगळं मीटरवर. सेट न उघडता वायरच्या पिनांवर मीटर लावून त्यानं ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वेटोळं शाबूत आहे हे पाहिलं. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळ्याच्या आवरणाखाली छोटा थर्मल फ्यूज दडवलेला असतो. फार तापलं की तो कायमचा तुटतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर मेल्यासारखा दिसतो. इथे तो ठीक होता. मग सेट उघडला. ट्रान्सफॉर्मरनंतर सप्लाय येतोय? येतोय. डायोडनंतर? येतोय. मोठ्या कपॅसिटरच्या पायांवर? तिथेही. मग तो मागच्या सॉकेटकडे वळला. अनेक सेटमध्ये लाइटची वायर आत सरकली की सॉकेटमधली एक पत्ती हलते आणि सेल आपोआप तुटतात. वायर काढली की परत जोडले जातात. ती पत्ती काळवंडली की नवे सेल घालूनही सेट गप्प राहतो, आणि लोक पुन्हा पुन्हा सेल बदलत बसतात. तीही त्यानं घासून, मोजून पाहिली. चांगली होती.

राहिलं रेडिओ-टेपचं बटण. त्याच्या एका बाजूला सप्लाय होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. इतक्या वर्षांच्या दमटपणानं आतले संपर्क काळे पडले होते, आणि त्याच्याच एका पायाचा टाका ड्राय झाला होता. त्यानं कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण पुष्कळ वेळा पुढे-मागे सरकवलं, टाका नव्यानं दिला. सेट सुरू झाला तेव्हा काटा ७९२ किलोहर्ट्झवर, पुणे केंद्राच्या मध्यम लहरींवर होता, आणि तिथून माणसाचा आवाज येत होता.

अडीचशे रुपये म्हणाला. माझ्या तोंडून सवयीनं तेच वाक्य निघालं, “पण बदललं तर काहीच नाही.” तो रागावला नाही. सेटची पाठ लावता लावता म्हणाला, “ताई, काही बदलायला लागत नाही, हेच शोधायला एवढा वेळ गेला.”

पैसे मी दिले, पण मत त्या स्टुलावर बदललं नाही. ते घरी आल्यावर, हिशेब मांडताना बदललं. माझ्या नियमानं वागणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्यानं कसं वागावं, असा विचार मी करून पाहिला. त्याला सरळ म्हणता आलं असतं, ट्रान्सफॉर्मर गेलाय. नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, बटण गुपचूप साफ करायचं, जुना पार्ट माझ्या हातात द्यायचा. मी पिशवीत तो जड तुकडा घेऊन, बिलावर समाधानी होऊन, त्याच्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलले असते. म्हणजे ज्यानं मला नको असलेला पार्ट विकला त्याला मी आनंदानं पैसे देणार, आणि ज्यानं तो खर्च वाचवला त्याच्याशी घासाघीस करणार. फसवणूक टाळण्यासाठी केलेला माझा नियम प्रामाणिक माणसालाच दंड करत होता.

माझ्याच क्षेत्रात हे इतकं उघड आहे! ऑडिटर महिनाभर वह्या तपासून ‘हिशेब बरोबर आहेत’ असं लिहितो, तेव्हा चूक सापडली नाही म्हणून त्याची फी कुणी कापत नाही. बुधवार पेठेतल्या माणसाकडून मात्र आपण तपासणी फुकट मागतो. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तो पुरा करून आलेल्या मुलाला आपण उद्या फक्त कपॅसिटरच्या किमतीवर टक्केवारी देणार असू, तर तो दुरुस्ती का करील? तो अख्खा बोर्डच बदलेल किंवा मोबाइलची कव्हरं विकायला बसेल.

यावर एक आक्षेप मीही घेतला असता, आणि तो खोटा नाही. वस्तू नुसती उघडायची, ‘होणार नाही’ म्हणायचं आणि तपासणीच्या नावाखाली पैसे घ्यायचे, असे लोक आहेत. म्हणून ठरवायचं ते आधी. तपासायचे किती, दुरुस्ती झाली तर ते बिलात धरणार का, आणि कुठपर्यंत सप्लाय मिळाला ते सांगणार का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यानं खरंच मोजलं आहे त्याला तो आवडतो. तो उत्साहानं दाखवतो.

ऑस्ट्रियानं २०२२मध्ये दुरुस्तीसाठी सरकारी मदत सुरू केली, तेव्हा दुरुस्तीचा निम्मा खर्च, कमाल २०० युरोपर्यंत, देण्याबरोबरच नुसत्या तपासणी-अंदाजासाठीही ३० युरोपर्यंत मदत ठेवली. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे केंद्र सरकारनं त्याच वर्षी जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरला पोर्टल आणलं. माहितीपुस्तिका, सुटे भाग, वॉरंटी हे विषय त्यात आले, आणि ते हवेच आहेत. पण सुटा भाग मिळाला तरी तो बदलायचा की नाही हे ठरवणारा माणूस टिकला पाहिजे, आणि त्याचा पगार आपल्या खिशातून जातो.

भाच्यानं सुचवलेल्या ब्लूटूथ स्पीकरच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. तो डिंकानं चिकटवलेला, आत लिथियमचा सेल. महिनोन्‌महिने कपाटात राहून सेल पार उतरला, की संरक्षक सर्किट त्याला तोडून ठेवतं आणि स्पीकर डेड दिसतो. कधी तो परत येतो, कधी सेल बदलावाच लागतो, आणि चुकीच्या हातात तो पेट घेऊ शकतो. इथे जाणकार तपासणीची किंमत पार्टपेक्षा सहज जास्त असते.

तुमच्या माळ्यावर बंद सेट पडला असेल, तर त्यातले सेल आजच काढून ठेवा. दुरुस्तीला नेलात तर पहिला प्रश्न ‘तपासायचे किती?’ हा विचारा, आणि काही न बदलता सेट सुरू झाला तर ठरलेले पैसे पूर्ण द्या.